रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच

“मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग मला होतंय ते काय?”

हा प्रश्न घेऊन येणारे अलीकडे इतके वाढलेत की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. येणाऱ्याच्या हातात जाडजूड फाइल असते. सोनोग्राफी, एंडोस्कोपी, रक्त-शौचाच्या तपासण्या, तीन-चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. शेवटच्या चिठ्ठीवर ‘आयबीएस’ (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतडं हळवं होण्याचा आजार) लिहिलेलं असतं आणि खाली समुपदेशनाचा सल्ला. तो सल्ला बहुतेकांना अपमानासारखा लागलेला असतो.

प्रशांत (नाव आणि काही तपशील बदललेत) तसेच आले होते. वय ३८, राहायला डोंबिवलीत, नोकरी फोर्टमध्ये अकाउंट्सची. गळ्यात तुळशीची माळ. दोन वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत बाहेरचं खाणं झालं आणि आठवडाभर जुलाब लागले. जुलाब थांबले, पण पोट पहिल्यासारखं झालंच नाही. मुरडा, गॅस, कधी पातळ तर कधी दोन दिवस काहीच नाही. हे नवल नाही. पोटाच्या जोरदार संसर्गानंतर साधारण दहातल्या एकाचं आतडं पुढे कितीतरी महिने असं हळवं राहतं.

पोटापेक्षा जास्त छळ लोकलचा होता. गाडीत शौचालय नाही, आणि ठाणं सुटलं की बऱ्याच फास्ट गाड्या घाटकोपरपर्यंत थांबत नाहीत. प्रशांतनी फास्ट सोडून स्लो धरली. निघण्याआधी तीन वेळा शौचाला जायचं, नाश्ता करायचा नाही, पाण्याचा घोटही जपून घ्यायचा. कुठल्या स्टेशनात शौचालय कुठल्या टोकाला आहे, हे तोंडपाठ.

“गाडीत कधी खरोखर फजिती झाली का?” मी विचारलं.

“नाही. पण होईल ना!”

पहिल्या काही भेटी या ‘होईल ना’वरच गेल्या. माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीतली. माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेकडून तो जी हटवादी मागणी करतो ती जास्त जाचते, असं ही पद्धत मानते. प्रशांतची मागणी स्पष्ट होती: रोज सकाळी पोट पूर्ण साफ झालंच पाहिजे, नाहीतर दिवस वाया. आपल्या घराघरांत हीच शिकवण असते. प्रत्यक्षात दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, या मधलं काहीही निरोगी माणसात दिसतं. हे ऐकून ते हसले, थोडे सैल झाले. पण गाडी पुढे सरकेना. दर भेटीत एखाद्या नव्या तपासणीचं नाव निघायचं.

मग एक दिवस ते जवळपास उत्साहात आले. “मॅडम, सापडलं! लिव्हरला सूज आहे.”

पाहिलं, तर सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर. म्हणजे यकृतात चरबी, आणि तीही सुरुवातीची. पोट सुटलेल्या, दिवसभर बसून काम करणाऱ्या माणसांत हा शेरा नेहमीचा. त्याने ना मुरडा येतो ना जुलाब होतात. मी रिपोर्टापेक्षा त्यांचा चेहरा बघत राहिले. वाईट बातमी आणणाऱ्याचा तो चेहरा नव्हता.

“प्रशांत, काहीतरी निघावं असं तुम्हाला वाटत होतं का?”

बराच वेळ ते गप्प. माळेचा मणी फिरवत म्हणाले, “निघालं तर बरं, असं वाटायचं. निदान घरचे मानतील. बायको म्हणते, मनाचे खेळ आहेत. दादा म्हणतो, ऑफिस टाळायला बहाणे.”

“मग हा रिपोर्ट दादांना दाखवलात?”

“पहिल्यांदा त्यालाच दाखवला.” त्यांचा आवाज उतरला. “तो म्हणाला, माळ घालतोस आणि गुपचूप पितोस काय?”

इथे कोडं सुटलं. इतके दिवस आम्ही दोघंही आजाराच्या भीतीशी झुंजत होतो, आणि या माणसाला पुरावा हवा होता. प्रत्येक ‘नॉर्मल’ त्यांना ‘तू खोटं बोलतोस’ असा ऐकू येत होता. म्हणून तर पुढची तपासणी. आणि पुरावा मिळाला तो असा, की त्याने शीलावरच शंका आली! एवढ्या वर्षांत एक कान तयार झालाय. माणूस कशाला घाबरतो हे ऐकताना त्याला काय सिद्ध करायचंय तेही ऐकू येतं. फाइल जितकी जाड, तितकं हे ऐकणं गरजेचं.

पुढच्या भेटीला मी पत्नीला आणि दादांनाही बोलावलं. त्यांना जे सांगितलं ते तुमच्याही घरासाठी आहे.

आयबीएस हा खरा आजार आहे. यात आतड्याची रचना शाबूत असते, चाल आणि संवेदना बिघडते. कारशेडमध्ये उभ्या असलेल्या लोकलचा फोटो काढला तर ती धावताना खडखडते की नाही हे त्यात दिसणार नाही. आपल्या नेहमीच्या तपासण्या साधारण अशाच. १९७३ साली एका ब्रिटिश अभ्यासात मोठ्या आतड्याच्या शेवटी छोटा फुगा ठेवून तो ६० मिलिलिटरपर्यंत फुगवला. निरोगी लोकांपैकी ६ टक्के जणांना दुखलं, आयबीएसच्या रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना. फुगा तोच, दुखणं मात्र खरोखरच जास्त. आतड्यात मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं आणि मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चालते. त्यामुळे ताणाने पोट बिघडतं आणि बिघडलेल्या पोटाने ताण वाढतो. ‘मनाचे खेळ’ म्हणून हे उडवून लावलं की ताण आणखी वाढतो, एवढंच.

दादांसाठी वेगळं सांगावं लागलं. दारूचा थेंबही न घेणाऱ्यांना फॅटी लिव्हर होतं. कंबरेचा घेर, मधुमेहाकडे झुकलेली साखर, बैठं काम ही नेहमीची कारणं. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी या आजाराचं नाव बदलून चयापचयाशी जोडलं. ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर’ या जुन्या नावातल्या ‘फॅटी’ आणि ‘अल्कोहोलिक’ या शब्दांनी रुग्णाला खाली बघायला लागतं, हा त्या चर्चेतला एक मुद्दा होता. उपायही माळकऱ्याला जमणारा: वजन ७ ते १० टक्के उतरवणं, रोज भरभर चालणं, साखरेची पेयं बंद. प्रशांतचं वजन ७८ किलो होतं, म्हणजे सहा-सात किलो कमी करायचे. यकृत किती कडक झालंय हे बघायला फायब्रोस्कॅन लागेल का, ते डॉक्टर ठरवतील.

आता सावधगिरी. शौचावाटे रक्त, प्रयत्न न करता उतरणारं वजन, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, डोळे पिवळे होणं, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास यांतलं काहीही असेल तर आधी पोटविकारतज्ज्ञ, मी नंतर. समुपदेशक तपासणी रद्द करत नसतो. तपासणी नीट झाल्यावर तीच ती पुन्हा करू नका, एवढंच माझं म्हणणं.

दादा त्या भेटीत फारसं बोलले नाहीत. जाताना धाकट्याची फाइल मात्र त्यांनी स्वतःच्या हातात घेतली.

बाकीचं काम मग भराभर झालं. डॉक्टरांनी इसबगोल दिलं, कांदा-लसूण-हरभरा काही आठवडे बंद करून एकेक परत सुरू करायला सांगितलं. (यूट्यूब बघून आयुष्यभरासाठी पदार्थ सोडू नका, आहारतज्ज्ञाला विचारा.) नाश्ता पुन्हा सुरू झाला. तो केल्यावर पोटात हालचाल होते ती आतड्याची नैसर्गिक प्रतिक्रिया असते, धोक्याची घंटा नव्हे. आधी रविवारी रिकामी फास्ट पकडली, दादरपर्यंतच. मग रोजची. मुरडा आला तर उतरायचं नाही, लांब श्वास सोडत घाटकोपरची वाट बघायची. बऱ्याचदा तो विक्रोळीपर्यंत ओसरलेला असतो, असं त्यांचंच निरीक्षण.

त्रास पूर्ण गेलेला नाही. महिनाअखेरीला, हिशेब मिटवायच्या दिवसांत पोट अजून कुरकुरतं. पण नवी तपासणी करायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, हे त्यांनी आपणहून ठरवलंय. वजन चार किलो उतरलंय. एकादशीच्या साबुदाणा वड्यांवर मात्र आमच्या वाटाघाटी अजून चालू आहेत.