मामांच्या शेतातल्या दगडात ४ टक्के तांबं आणि टनाला ६ ग्रॅम सोनं निघालं. बोअरसाठी ८ लाख द्यावेत का?

(प्रश्न थोडक्यात: विचारणारे कोथरूडचे. मामांची शेती भंडारा जिल्ह्यात. बांधावर हिरवट दगड सापडले, एजंटने एक दगड लॅबमध्ये तपासून आणला आणि आता भागीदारीत बोअर मारू म्हणतो. बोअरचा खर्च खरंच एवढा येतो का, असं त्यांना विचारायचंय.)

देऊ नका. दर बरोबर की चूक हे नंतर बघू. ज्या आकड्याच्या जोरावर बोअर मारायचाय, त्या आकड्यालाच अजून काही अर्थ नाही.

आधी तांबं. हिरवट दगड म्हणजे बहुतेक मॅलाकाइट. शुद्ध मॅलाकाइटमध्ये साधारण ५७ टक्के तांबं असतं, त्यामुळे दगडात तो जेमतेम ७ टक्के असला तरी रिपोर्टमध्ये ४ टक्के येणारच. शिवाय बांधावरून चालताना माणूस हिरवा दगडच उचलतो, शेजारचा मळकट दगड कोणी पिशवीत घालत नाही. मध्य प्रदेशातल्या मलांजखंडसारख्या मोठ्या तांब्याच्या खाणीचा दर्जा एक टक्क्याच्या आसपास असतो, पण ती कोट्यवधी टनांची सरासरी आहे. तुमच्या हातात आहे ती एका निवडून घेतलेल्या दगडाची.

आता सोनं. फायर अ‍ॅसेला (म्हणजे भट्टीत वितळवून सोनं मोजायच्या चाचणीला) साधारण ३० ग्रॅम पूड घेतात. टनाला ६ ग्रॅम म्हणजे त्या ३० ग्रॅममध्ये १८० मायक्रोग्रॅम सोनं. गोळीसारखा कण धरला तर पाव मिलिमीटरचा एकच कण पुरतो, बारीक रव्याच्या दाण्याएवढा. तो कण पुडीत आला तर ६, नाही आला तर शून्य. म्हणून भरड सोन्याचा संशय असेल तर किलोभर पूड चाळून, चाळणीवर राहिलेलं सगळंच्या सगळं तपासायला लावतात. एजंटने हे केलं असेल असं वाटत नाही.

पण खरा प्रश्न पुढे आहे. त्या दगडाबरोबर लॅबला ब्लँक गेला होता का? ब्लँक म्हणजे मुद्दाम पाठवलेला कोरा दगड, ज्यात काही निघायला नको. इथे मी जरा घसरणार आहे, कारण या ब्लँकवरून मी पूर्वी बरंच ऐकून घेतलंय.

एका कामात नमुन्यांच्या पिशव्या पुण्यातूनच भरल्या जायच्या. ब्लँक म्हणून कोणीतरी वाघोलीकडची खडी टाकली. स्वस्त, पोत्याने मिळते, दिसायला एकसारखी. पहिल्या बॅचला सोन्याचे ब्लँक स्वच्छ आले आणि तांब्याचे सगळे दीडशे ते दोनशे पीपीएम, म्हणजे दहा लाखात तेवढे भाग. लगेच लॅबला कडक पत्र गेलं की तुमचा क्रशर, म्हणजे दगड फोडायचं यंत्र, घाण आहे. आता क्रशर घाण असेल तर ब्लँकचा आकडा उड्या मारतो. श्रीमंत नमुन्यानंतरचा ब्लँक वर जातो, गरीब नमुन्यानंतरचा खाली बसतो. इथे सगळे एका रेषेत होते. म्हणजे तांबं खडीतच होतं. दख्खनच्या बेसाल्टमध्ये शे-दोनशे पीपीएम तांबं मुळातच असतं, सोनं मात्र नगण्य. त्यामुळे पुण्याची खडी सोन्याला ब्लँक म्हणून एकवेळ चालेल, तांब्याला अजिबात नाही. हे सांगितल्यावर वरून उत्तर आलं, ‘काळा दगड तो, त्यात कुठलं तांबं?’ आणि पुढच्या बॅचपासून खर्च वाचवायला ब्लँकच बंद झाले. लॅबची माफी अर्थातच कोणी मागितली नाही.

चांगला ब्लँक म्हणजे लांबच्या, खात्रीच्या जागेची पांढरी गारगोटी. कामाच्या पट्ट्यातली नको, त्या गारेतच सोनं असायचं. आधी तिचे आठ-दहा तुकडे तपासून घ्यायचे. पिशवीत २-३ किलो, इतर नमुन्यांएवढेच, आणि तुकडेच ठेवायचे. तयार पूड पाठवली तर ती क्रशरमधून जातच नाही, मग क्रशरची घाण कळणार कशी? ब्लँकची जागा सगळ्यात श्रीमंत दिसणाऱ्या नमुन्याच्या लगेच मागे. क्रमांक मात्र ओळीतलाच द्यायचा, लॅबला कळता कामा नये. वीस पिशव्यांमागे एक ब्लँक, एक डुप्लिकेट (त्याच नमुन्याचा दुसरा वाटा), एक स्टँडर्ड (ज्याचं प्रमाण आधीच ठाऊक आहे असा नमुना). स्टँडर्डचा आकडा प्रमाणित किमतीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडे गेला की ती बॅच पुन्हा करायला लावायची, वाद घालत बसायचं नाही.

तेव्हा एजंटकडे लॅबचं पूर्ण सर्टिफिकेट मागा, मोबाइलवरचा फोटो नको. त्यावर बॅचमधले सगळे क्रमांक दिसतात. एकच ओळ असेल तर विषय संपला. शिवाय विचारा की शिरेवर, म्हणजे धातू असलेल्या दगडाच्या पट्टीवर, आडवा चर घेतलाय का. चराच्या तळाशी ५ सेंटिमीटर रुंद, ३ खोल अशी सलग खाच मीटर-मीटरने कापली की मीटरला साधारण ४ किलो माल निघतो. खाच सगळीकडे सारखी हवी. मऊ गंजका भाग छिन्नीला पटकन सुटतो, तो जास्त आला की दर्जा फुगतो. असे चार-पाच चर शिरेच्या लांबीवर एकसारखे बोलले तरच ड्रिलिंगचं नाव काढायचं.

बोअरबद्दल एवढंच की तो पाण्याच्या बोअरची गाडी आणणार असेल तर ८ लाखच काय, ८ हजारही जास्त. हवेने वर येणारा चुरा भोकाच्या भिंती खरवडत येतो, वरच्या थरातलं तांबं खालच्या मीटरच्या नावावर चढतं आणि बारीक धूळ वाऱ्यावर जाते. कोअर ड्रिलिंग हवं, म्हणजे ज्यात चुरा नाही, खडकाचा अखंड दांडा (गाभा) वर येतो. त्यातही गाभा नव्वद टक्क्यांच्या वर हाती आला पाहिजे, आणि शीर गाभ्याला तिरपी कापत असेल तर खरी जाडी काढायची. गाभ्याच्या लांबीशी ३० अंशांवर कापलेली १२ मीटर शीर प्रत्यक्षात ६ मीटरच असते. कोअरचा दर मीटरवर ठरतो, खोली आणि खडक कळल्याशिवाय तो सांगता येत नाही.

पट्टा खोटा आहे असं मी म्हणत नाही. साकोली पट्ट्यात सोन्या-तांब्याच्या खुणा नोंदलेल्या आहेत, चंद्रपूरकडे ठाणेवासनाला तांबं आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या भूकोश पोर्टलवर नकाशे आणि भूरासायनिक नमुन्यांचे आकडे फुकट मिळतात. मामांचं गाव त्यात शोधा, एक रविवार पुरेल.

आणि हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. सातबारा मामांच्या नावावर असला तरी तांब्या-सोन्यासाठी चर किंवा बोअर घेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. परवान्याशिवाय पूर्वेक्षण, म्हणजे खनिजाचा शोध, करायला १९५७ च्या खाण कायद्यानेच मनाई आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीत आलेलं एक्स्प्लोरेशन लायसन्सही लिलावातूनच मिळतं. एजंटला पहिला प्रश्न विचारायचा तो या कागदाचा.