देव बघता हां!

प्रश्न: माझा मुलगा मुंबईला शिकायला आहे, गणपतीला घरी आला आणि आरतीच्या वेळी सरळ ओटीवर मोबाईल घेऊन बसला, म्हणे मी देव मानत नाही. आमच्या सासूबाई कायम सांगायच्या, 'गो, देव बघता हां', त्या धाकानेच आम्ही सरळ वागलो. ज्याला तो धाकच नाही तो उद्या लांड्यालबाड्या करायला कशाला कचरेल?
— एक आई, वेंगुर्ला

उत्तर: ताई, आपल्याकडे देवळात कौल लावतात तेच घ्या ना. लग्न जमवू का, विहीर खोदू का, असलं सगळं देवाला विचारतात, गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी कळ्या चिकटवतो, उजवी पडली की देवाचा होकार, माणूस खूश. पण भावाच्या वाटणीची आंब्याची कलमं हडपू का असा कौल कोणी लावल्याचं मी तरी ऐकलं नाही. आणि समजा कोणी लावलाच आणि उजवी पडली, तर आपणच म्हणणार की कळी नीट चिकटली नव्हती, परत लाव! म्हणजे बरंवाईट आपल्याला देवाला विचारायच्या आधीच कळत असतं. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस हेच विचारतो, देवांना आवडतं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवांना आवडतं? २४०० वर्षं झाली, अजून भांडतायत लोक त्यावर.

धाक फुकट असतो असं नाही म्हणत हां मी, आपल्या कितीतरी देवराया, देवाच्या नावाने राखलेली रानं, त्या धाकानेच वाचल्यात. पण धाक जागेपुरता. राईतली काडीही न उचलणारा माणूस १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीत गुपचूप जाळं टाकतो आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायला पण तोच पुढे, आमच्याच बंदरावर बघितलाय, नाव नको.

उलट र. धों. कर्वे बघा, दापोलीजवळच्या मुरुडचे, पक्के नास्तिक. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून कॉलेजातली प्रोफेसरकी गेली, तरी १९२७ला 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, त्यापायी कोर्टात खेचले गेले, दंड भरला, आणि १९५३ला वारले तोवर चालवलं. वरून कोण बघत होतं त्यांना?

मुलगा रूमभाडं, मेसचे पैसे वेळेवर देतो का, मित्राकडून घेतलेले उसने परत करतो का, ते विचारा त्याला. आणि ओटीवर बसला होता म्हणता, मोदकांना आत आला की नाही ते लिहिलंच नाहीत.