पोळ्याचा नैवेद्य आणि बैलाचं पोट

श्रावण आला की पोळ्याचे प्रश्न येतातच. धर्म काय सांगतो आणि गोठ्यात काय करायचं, या दोन्ही अंगांनी आलेली काही पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : पोळ्याला बैलांना पोटभर पुरणपोळी घालायची आमच्याकडे रीत आहे. गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी एक बैल रवंथ करेना, शेणही पातळ झालं. देवाच्या नैवेद्याने असं कसं होईल? (परभणी जिल्हा)

नैवेद्याने होत नाही, परातीने होतं. बैलाच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा ही कडबा-गवत आंबवायची टाकी आहे. तिथले सूक्ष्मजीव काडीवर जगतात. गूळ, कणीक, डाळ असं गोड-पिठूळ एकदम पडलं की वेगळे जंतू माजतात, आम्ल वाढतं आणि काडी पचवणारे मरतात. साधारण 12 ते 24 तासांत बैल चारा सोडतो, रवंथ थांबतं, शेण पातळ होऊन त्याला आंबूस वास येतो. डावी भकाळी (बरगडीमागची कूस) फुगते. जास्त झालं तर बैल बसतो आणि उठत नाही.

घरच्या पोळ्या कुणी फार घालत नाही, हे खरं. पण मिरवणूक सुटल्यावर बैल दारोदार ओवाळायला जातो आणि प्रत्येक दारात ताट असतं. दहा घरं झाली की हिशोब हाताबाहेर जातो. म्हणून घरी एका बैलाला एक, फार तर दोन पोळ्या. बाहेर प्रत्येक दारी चतकोर घास, तोही शिवून परत घेतला तरी नैवेद्य झाला. पुरणाचा गोळा आणि भिजवलेलं धान्य नकोच. मिरवणुकीआधी कडबा खाऊ घाला, भुकेल्या बैलाला आवर नसतो.

बिघडलंच तर धान्य-पेंड बंद, फक्त कोरडा कडबा आणि पाणी. भकाळी फुगली असेल तर पुढचे पाय उंचवट्यावर येतील असं उभं करा आणि डॉक्टरांना बोलवा. नळीने किंवा बाटलीने तेल, सोडा पाजायची घाई अंगाशी येते. मान पाठीच्या रेषेच्या वर उचलून, जीभ ओढून पाजलं की औषध श्वासनळीत जातं आणि पोटाचा आजार राहतो बाजूला, फुप्फुसाचा सुरू होतो.

प्रश्न : आदल्या दिवशीच्या खांदेमळणीला काही अर्थ आहे की नुसता विधी? आमच्या एका बैलाच्या खांद्याला गाठ आहे. (सातारा जिल्हा)

पूजेच्या वेषातला हा उपचारच आहे. गरम पाण्याने खांदा शेकायचा, तूप-हळदीने चोळायचा आणि बैलाला ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणायचं. शेकताना पाणी आपल्या कोपराला सोसेल इतकंच गरम, फडकं पिळून 10 ते 15 मिनिटं.

मात्र आधी खांदा डोळ्यांनी नाही, हाताने बघा. सूज कालपरवाची असेल, हाताला गरम लागत असेल तर पहिल्या दिवशी थंड पाण्याचीच पट्टी; शेक नंतर. कातडं सोललेलं असेल तर तूप-हळद लावू नका. त्यावर धूळ बसते, माशी बसते आणि पावसाळ्यात जखमेत आसडी (अळ्या) पडायला वेळ लागत नाही. जखम धुऊन जंतुनाशक लावा आणि ती भरेपर्यंत जू नको. तुमच्यासारखी जुनी, कडक गाठ मळून जात नाही. ती डॉक्टरांना दाखवावी, कधी कापून काढावी लागते.

गाठ येते कशाने, तेही पाहा. जोडीतला एक बैल उंच आणि एक बुटका असेल तर जुवाचा भार एकाच खांद्यावर उतरतो. गाडीत माल पुढे भरला की तेच. जुवाला चर पडले असतील तर तासून गुळगुळीत करा. पावसाने भिजलेल्या मानेवर जू ठेवलं की कातडं लवकर सोलतं.

काहीजण गाठीवर डाग देतात. तो उपचार नव्हे, भाजणं आहे. सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात ठराविक तिथींना बैल-घोड्यांना डागायची मनाई केली होती. आपण बाकीच्या तिथीही त्यात धरू.

प्रश्न : नवी वेसण, रंगवलेली शिंगं यात काही चुकतं का?

वेसण सुती, मऊ घ्या. नायलॉनची नाक कापते. शिंगं साळताना थरामागून थर काढू नका. आत जिवंत हाड आणि रक्तवाहिन्या आहेत. ऑइलपेंटऐवजी गेरू लावला तर उतरवायला टर्पेंटाइन लागत नाही.

प्रश्न : बैलाकडून किती काम घ्यावं, याबद्दल शास्त्रात काही आहे का? (नगर जिल्हा)

आहे, आणि अगदी नेमकं आहे. पराशरस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात भुकेल्या, तहानलेल्या, थकलेल्या बैलाला जुंपू नये, अपंग आणि आजारी बैलाला हाकू नये, असं सांगितलं आहे. धडधाकट बैलाकडूनही काम घ्यायचं ते अर्धा दिवस. त्याच ठिकाणी नांगराचा हिशोब आहे: आठ बैलांचा नांगर धर्माचा, सहांचा मध्यम, चौघांचा निर्दयांचा आणि दोघांचा बैल मारणाऱ्याचा. जोड्या आळीपाळीने बदलाव्यात, असा त्याचा अर्थ लावला जातो. ही आज्ञा शेती करणाऱ्या ब्राह्मणाला उद्देशून आहे, पण बैलाला त्याने काय फरक पडतो?

आज एकच जोडी परवडणाऱ्याला आठ बैल कुठून आणायचे, हे मान्य. अर्धा दिवस मात्र जमण्यासारखा आहे. ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 चे केंद्रीय नियम आहेत: दिवसाला एकूण 9 तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 5 तासांच्या वर नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर असेल तिथे दुपारी 12 ते 3 नाही. म्हणजे कायद्यापेक्षा स्मृतीच कडक. चैत्र-वैशाखात पहाटे औत धरून दहा-अकराला सोडणारे जुने शेतकरी दोन्ही पाळत होते. सोडल्यावर लगेच कडबा पुढे टाकू नका. आधी सावली, दम खाऊ द्या, मग पाणी. आणि पराणीची आर काढून टाका, टोचणाऱ्या काठीला त्याच नियमांत मनाई आहे.

प्रश्न : आमचे जैन शेजारी म्हणतात, बैल आखूड बांधणं हासुद्धा दोष आहे. इतकं बारीक? (सांगली)

इतकंच बारीक. जैन गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात मोजले आहेत: बांधून कोंडणं, मारणं, अवयव छेदणं, जास्त भार लादणं, अन्नपाणी रोखणं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 शेजारी ठेवा. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बांधणं तिथेही गुन्हा आहे. दावं तपासायची सोपी रीत: बैलाला आरामात बसता यावं, मान जमिनीला टेकवता यावी आणि स्वतःची बरगडी चाटता यावी. यातलं एकही जमत नसेल तर दावं हातभर वाढवा. फार लांबही नको, पाय अडकतो.

प्रश्न : नागपंचमीला गारुड्याच्या नागाला दूध द्यायचं नाही, तर पूजा कशाची? (कोल्हापूर)

मातीच्या किंवा पाटावर काढलेल्या नागाची. दूध हे सापाचं अन्नच नव्हे. गारुडी त्याला आधी कित्येक दिवस तहानलेला ठेवतो, म्हणून समोर येईल ते द्रव तो ओढतो, आणि ते फुप्फुसात जाऊन साप मरतो. फण्यावर टाकलेलं हळदकुंकू त्याच्या डोळ्यांत जातं, त्याला पापण्या नसतात. जिवंत नाग पकडून बाळगणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, खणायचं नाही, ही जुनी रीत मात्र जरूर पाळा. पावसाळ्यात बिळं पाण्याने भरलेली असतात आणि नाग बांधावरच असतो.