ग्रंथालयात आरएसएस फीडचा नेमका उपयोग काय?

फीड म्हणजे नव्या नोंदींची शीर्षके, दुवे आणि दिनांक असलेली, संगणकाला वाचता येणारी एक्सएमएल फाइल. आरएसएस हे फीडचे एक स्वरूप १९९९ मध्ये आले, तर अ‍ॅटम या दुसऱ्या स्वरूपाचे प्रमाण २००५ मध्ये ठरले. ग्रंथालयाला खरा लाभ होतो तो शोधाच्या फीडचा. 'कोहा' या ग्रंथालयांसाठीच्या संगणक प्रणालीच्या तालिकेत (पुस्तकांच्या ऑनलाइन सूचीत) एखाद्याने 'मृदाशास्त्र' असा शोध घेऊन त्या निकालाची फीड आपल्या फीड रीडरमध्ये, म्हणजे फीड तपासून नव्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, जोडली, की त्या विषयाच्या नव्या पुस्तकांची नोंद त्याला ईमेल पत्ता न देताही घरबसल्या दिसू लागते. आणि वाचकाची गोपनीयता जपणे हे ग्रंथपालाचे कर्तव्यच असल्याने ही सोय मला फार मोलाची वाटते. अनेक नियतकालिकांच्या नव्या अंकांची अनुक्रमणिकाही अशीच मिळते. फीडचा पत्ता बदलल्यास मात्र जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे पुनर्निर्देशन अवश्य ठेवावे, अन्यथा वाचक नकळत तुटतो.