घरी बसून सरकारी शाळा शिकता येते का, आणि त्यात घरच्यांचे काम किती असते?

आपला प्रश्न असा आहे: अमेरिकेतील नातेवाइकांची मुले घरूनच ऑनलाइन सरकारी शाळा शिकतात, आपली मुलगी 13 वर्षांची असून आजारपणामुळे तिची शाळा सारखी बुडते, तर नागपुरात तिला तशी शाळा मिळेल का, आणि घरच्यांना काय करावे लागेल? माझ्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि तिने दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून केली, म्हणून अनुभवाने उत्तर देते.

प्रथम अमेरिकेविषयी. तेथील ऑनलाइन सरकारी शाळा त्या त्या राज्याच्या करातून चालते, त्यामुळे शिकवणीची फी नसते, पण प्रवेश त्या राज्यात राहणाऱ्या मुलांनाच मिळतो. फ्लोरिडा राज्याने अशी शाळा 1997 मध्येच सुरू केली. तिथे परवानाधारक शिक्षक असतात, हजेरी नोंदवली जाते आणि राज्याच्या चाचण्या बहुधा ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. लहान मुलांच्या बाबतीत रोजचा अभ्यास करून घेण्याची जबाबदारी आई किंवा वडिलांवर असते. त्या भूमिकेला ‘लर्निंग कोच’ असे नावच दिलेले आहे. आपल्याकडील व्यवस्था वेगळी असली तरी ही शेवटची गोष्ट इथेही तंतोतंत लागू पडते, आणि प्रवेश घेताना तीच आम्हाला कोणी सांगितली नव्हती.

आपल्याकडे रोज सकाळी स्क्रीनवर वर्ग भरवून हजेरी घेणारी सरकारी शाळा सहसा मिळत नाही. आहे ते मुक्त विद्यालय, म्हणजे घरी अभ्यास करून ठरलेल्या केंद्रावर परीक्षा देण्याची सोय. एनआयओएस ही केंद्र सरकारची संस्था 1989 मध्ये स्थापन झाली आणि तिची दहावी-बारावी इतर मंडळांच्या बरोबरीची मानली जाते. दहावीच्या प्रवेशासाठी वयाची 14 वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणजे आपल्या मुलीला अजून थोडे थांबावे लागेल. महाराष्ट्राचेही स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळ आहे आणि त्यात पाचवी व आठवीची परीक्षाही देता येते. याशिवाय 17 नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी खाजगीरीत्या देता येते. त्याचा कारभार आपल्याकडे नागपूर विभागीय मंडळ पाहते. आम्ही एनआयओएस निवडले, कारण तिथे सगळे विषय एकाच वेळी द्यावे लागत नाहीत. नोंदणी पाच वर्षे चालते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. ज्या मुलीला उद्या उठून बसता येईल की नाही हे आज रात्री सांगता येत नाही, तिच्यासाठी ही सवलत फार मोठी आहे.

एनआयओएसच्या सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. सिकलसेलच्या मुलांना अंगातले पाणी कमी झाले, थंडी लागली किंवा दगदग झाली की असह्य कळा सुरू होतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना परीक्षा केंद्रावर जाऊन तीन तास पेपर लिहिणे तिला झेपणार नव्हते. म्हणून आम्ही ऑक्टोबर धरला. त्यात आणखी एक फायदा झाला. एप्रिल-मेच्या परीक्षेचा निकाल येईपर्यंत अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात आणि पालकांची फार धावपळ होते. ऑक्टोबरवाल्यांच्या हातात गुणपत्रिका आणि स्थलांतर प्रमाणपत्र वेळेत असते.

आता घरच्यांच्या कामाकडे येते. फी कमी पडते, दप्तर आणि रिक्षा सुटते, पण शाळा जे काम रोज न सांगता करत होती ते सगळे घरावर येते. वेळापत्रक आखणे, धडा पूर्ण झाला का ते पाहणे, वही तपासणे आणि आळस केल्यावर न रागावता पुन्हा बसवणे, हे दुसरे कोणी करत नाही. मी पतसंस्थेत नोकरी करते, तिचे बाबा फिरतीवर असतात. पहिले तीन महिने आम्ही मोबाइलवरच्या व्हिडिओंवर विसंबून राहिलो. ती व्हिडिओ बघत होती आणि आम्हाला वाटत होते की अभ्यास होतो आहे. पहिला स्वाध्याय लिहायला घेतला तेव्हा तिला एक परिच्छेदही स्वतःच्या शब्दांत लिहिता येईना. त्यानंतर माझ्या सासूबाई रोज सकाळी साडेसात ते साडेनऊ तिच्याजवळ बसू लागल्या. आजींना विज्ञान समजत नव्हते, पण त्या म्हणायच्या, ‘मले समजंल असं सांग.’ आजींना समजावून सांगता सांगता तिचा धडा पक्का होत असे. संध्याकाळी मी वही पाहत असे. ही घडी बसल्यावरच आमची शाळा खऱ्या अर्थाने सुरू झाली, असे मला वाटते.

या स्वाध्यायांना एनआयओएसमध्ये टीएमए (ट्यूटर मार्क्ड असाइनमेंट) म्हणतात आणि लेखी परीक्षेच्या गुणांत त्यांचा वाटा 20 टक्के असतो. ते मुदतीत अपलोड करावे लागतात. पुष्कळ मुले इथेच गुण गमावतात. एनआयओएसने दिलेल्या अभ्यास केंद्रावर सुटीच्या दिवशी संपर्क वर्ग, म्हणजे शिक्षकांना समोरासमोर भेटून शंका विचारण्याचे तास होतात. आमच्या केंद्रावर ते अनियमित होते आणि दोनदा आम्ही रिक्षाने जाऊन परत आलो, म्हणून निघण्यापूर्वी फोन करावा. विज्ञान घेतल्यास प्रात्यक्षिकासाठी मात्र जावेच लागते.

विषय किमान पाच घ्यावे लागतात, त्यांत निदान एक भाषा हवी; दहावीला मराठी माध्यमही आहे. गणित सोडता येते, आणि दुखण्याने थकलेल्या मुलीला ते सोडू देण्याचा मोह होतो. पुढे विज्ञान शाखा किंवा तंत्रनिकेतन मनात असेल तर सोडू नये. आम्ही गणित शेवटच्या खेपेस एकटेच दिले आणि ते तिला जमले. आपली मुलगी आधीच्या मंडळाच्या परीक्षेत काही विषयांत उत्तीर्ण झालेली असेल, तर त्यांतील दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे वर्गही करून घेता येतात.

अभ्यासाचे साहित्य फुकट भरपूर आहे. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात, दीक्षा या सरकारी ॲपवर पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ उघडतात, आणि एनआयओएसची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. त्यामुळे सीताबर्डीच्या भिंतींवर ‘हमखास पास’ लिहिणाऱ्या वर्गांना हजारो रुपये देण्याआधी थांबावे. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने अशाच एका दलालामार्फत प्रवेश घेतला आणि ज्या मंडळाचा दाखला मिळाला त्याला मान्यताच नव्हती; मुलाचे वर्ष गेले. प्रवेश फक्त संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा.

आपल्या मुलीचा आजार कोणता ते आपण लिहिलेले नाही. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढल्यास एनआयओएसच्या शुल्कात सवलत मिळते. आम्ही ते दोन वर्षे काढले नाही, मुलीवर शिक्का बसेल या भीतीने. ती भीती चुकीची होती, आणि प्रमाणपत्र काढताना मुलीनेच मला धीर दिला.

एक गोष्ट मात्र आताच सांगते. आपली मुलगी 14 वर्षांची होईपर्यंत सध्याच्या शाळेतून तिचे नाव काढू नका. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांना शाळेत राहण्याचा हक्क देतो, आणि तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी 2012 च्या दुरुस्तीने घरी राहून शिकण्याचा पर्यायही दिला आहे. आमच्या शाळेने हजेरी भरत नाही म्हणून दाखला नेण्यास सुचवले, आम्ही निमूटपणे नेला आणि एक वर्ष माझी मुलगी कुठल्याच पटावर नव्हती. त्या वर्षी तिची एकही मैत्रीण घरी आली नाही. आपण मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचे पत्र जोडा आणि पोच घ्या.