वाचक विचारतात : एओविनचे वाक्य कधी लहान झाले?

प्रश्न : आमच्या वाचकमंडळात 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' इंग्रजीतून वाचलेले पाचसहा जण आहेत. पीटर जॅक्सन यांचे तिन्ही चित्रपट पुन्हा पाहिल्यावर आमच्यात जोरदार वाद झाला. माझ्या मते, पटकथाकारांनी मूळ लेखक टॉल्किन यांचे शब्द सोडून स्वतःचे घातले तिथे तिथे संवाद लंगडे झाले. नाझगूल या शत्रूच्या भयानक स्वारांच्या म्होरक्यासमोर राजाची भाची एओविन जे बोलते, त्याचे तर चित्रपटात काहीच उरलेले नाही. मित्र म्हणतात, रणांगणावर कोणी भाषण करीत नाही. कोणाचे बरोबर?
— एक वाचक, सांगली

उत्तर : एओविनपुरती आपली तक्रार रास्त आहे, पण तिचे मूळ आपण म्हणता तिथे नाही. कादंबरीत ती डर्नहेल्म या नावाने पुरुषवेशात आलेली असते. तिच्याच घोड्यावर बसून आलेल्या मेरी या हॉबिटला (हॉबिट म्हणजे माणसांहून वेगळी, बुटकी जमात) ती कोण हे माहीत नसते आणि वाचकालाही ते सांगितलेले नसते. कोणीही जिवंत पुरुष मला अडवू शकत नाही, असे म्होरक्या बजावतो तेव्हा ती हसते, आणि आपण स्त्री आहोत, एओमुंडची मुलगी आहोत, समोर पडलेला राजा थेओडेन आपला आप्त आहे, हे सांगते. शत्रूला, मेरीला आणि वाचकाला तिची ओळख एकाच क्षणी पटवून देण्याचे काम त्या वाक्यांकडे आहे, आणि ती ऐकून शत्रूही क्षणभर गप्प होतो. २००३ च्या चित्रपटात मेरीला आणि प्रेक्षकाला ती कोण हे आधीपासून ठाऊक आहे. मग 'मी पुरुष नाही' याहून अधिक सांगण्यासारखे तिच्याजवळ उरते काय? तिचा चेहरा अगोदर दाखवायचे ठरले, त्याच दिवशी ते वाक्य लहान झाले.

महिषासुराची कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला अशा वरदानातली पळवाट नवी नाही. मात्र इंग्रजी 'मॅन'मध्ये पुरुष आणि मानव दोन्ही मावतात, आणि मागून वार करणारा मेरी हॉबिट असल्यामुळे तोही त्या शब्दाबाहेर राहतो. मराठीत 'पुरुष' म्हटले की एओविन साधते, पण मेरी निसटतो.

पुस्तकातले शब्द ठेवले की संवाद आपोआप सुधारतो, हेही खरे नाही आणि शब्द हलवले की बिघडतो, हेही नाही. रात्रीच्या एकांतात एओविन अंधाराशी काय बोलली असेल कोण जाणे, हे उद्गार कादंबरीत जादूगार गँडाल्फचे आहेत आणि ती आजारी पडल्यावर तिच्याविषयी कळवळून काढलेले आहेत. चित्रपटात तेच शब्द राजाचा कपटी सल्लागार वर्मटंग याच्या तोंडी येतात, तेही तिच्यासमोर, तिला जाळ्यात ओढण्यासाठी. ही चोरी मला फार आवडते.

खरे लंगडे संवाद ओळखण्याची कसोटी टॉल्किन यांनीच १९५५ मधल्या एका पत्रात दिली आहे. त्यांच्या जुन्या वळणाच्या भाषेवर आक्षेप आला, तेव्हा त्यांनी थेओडेनचे एक बोलणे आजच्या इंग्रजीत उतरवून दाखवले आणि म्हटले की, असे बोलणारा माणूस थेओडेनसारखा विचारच करणार नाही. या कसोटीवर दुसऱ्या चित्रपटातला ऑर्क, म्हणजे शत्रूच्या फौजेतला राक्षसी सैनिक, सरळ नापास होतो : मांस पुन्हा 'मेनू'वर आल्याचा आनंद तो व्यक्त करतो, तेव्हा या ऑर्कांनी हॉटेल कुठे पाहिले, असा प्रश्न पडतो. गिमली या ड्वार्फला, म्हणजे बुटक्या योद्ध्याला, उचलून फेकण्याचे विनोदही आजच्या दारूच्या गुत्त्यातून आलेले आहेत. (पहिल्यांदा मीही हसलो होतो, हे मान्य करायला हवे.)

प्रश्न : मग 'द हॉबिट'च्या चित्रपटांत टॉरिएल या एल्फ योद्धा स्त्रीचे संवाद इतके कृत्रिम का वाटतात? ती पुस्तकात नाही म्हणूनच ना?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पात्र नवे असणे हा दोष नाही. १९३७ च्या एका छोट्या पुस्तकाचे २०१२ ते २०१४ या काळात तीन चित्रपट झाले, आणि एवढी लांबी असूनही टॉरिएल आणि तिचा प्रियकर, ड्वार्फ कीली, यांना एकत्र वेळ मिळाला तो अगदी थोडा. त्यामुळे कीलीच्या मृतदेहाजवळ बसून ती विचारते की, इतके का दुखते, आणि एल्फांचा राजा थ्रांडुइल उत्तर देतो की, ते प्रेम खरे होते म्हणून, तेव्हा आपल्याला पुरेशा न दिसलेल्या प्रेमाचे प्रमाणपत्र तो देत आहे असे वाटते. त्या क्षणी थ्रांडुइल नुसता तिच्याजवळ उभा राहिला असता, तरी चालले असते.