यूआरएलमधून एका पानावरून दुसऱ्या पानावर माहिती सुरक्षित कशी पाठवायची? बेस६४ केलं तर पुरे का?

नाही. बेस६४ म्हणजे कुठलाही मजकूर ठरावीक अक्षर-आकड्यांत लिहायची पद्धत, ती कुणालाही उलटी फिरवता येते. तिचा आणि सुरक्षिततेचा काडीचा संबंध नाही. एरवी असले प्रश्न वाचून मी पुढं जातो, पण बेस६४ हा शब्द दिसला आणि राहवलं नाही.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं बिलिंग मी पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत केलं होतं. मालकांचं म्हणणं साधं: बिल झालं की पार्टीला व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक जावी, बोट लावलं की बिल दिसावं. लॉगिन-बिगिन नको, ‘पासवर्ड विसरलो म्हणून रात्री अकराला मला फोन येतेत.’ मी लिंकमध्ये बिल नंबर आणि पार्टीचं नाव घातलं, ते नाव पानाच्या डोक्यावर छापलं. पहिल्याच आठवड्यात एका ‘अमुक & सन्स’चं बिल नुसतं ‘अमुक’ म्हणून उघडलं. & पाशी पुढची माहिती सुरू झाली असं सर्व्हर समजतो, त्यामुळं ‘सन्स’ कापले गेले. त्या घरात नेमकी तेव्हा वाटणी चाललेली. थोरल्या मुलाचा मालकांना फोन: ‘आमचं नाव काढा म्हणून वडलांनी सांगितलं का?’

याला औषध एका ओळीचं. प्रत्येक व्हॅल्यू पीएचपीच्या रॉ-यूआरएल-एन्कोड या फंक्शनमधून काढायची, & चं %२६ होतं. किंवा सगळा अ‍ॅरे एचटीटीपी-बिल्ड-क्वेरीला देऊन मोकळं व्हायचं. जावास्क्रिप्टात एन्कोड-यूआरआय-कंपोनंट; नुसतं एन्कोड-यूआरआय & ला हात लावत नाही. पलीकडच्या पानावर पीएचपी स्वतःच डिकोड करून देतं, तुम्ही परत करू नका. तुमच्या प्रश्नाचा हा भाग इथं संपला.

मी मात्र दाजींना विचारलं. दाजी पुण्यात मोठ्या कंपनीत. म्हणाले, ‘बेस६४ कर. & चं झंझट मिटतं, वर कुणाला वाचताही येत नाही.’ दाजींपुढं आपण काय बोलणार? केलं.

दुसऱ्या दिवशी मराठीतली नावं फुटली. कारण कळलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. कॉम्प्युटर अक्षरं ज्या यूटीएफ-८ पद्धतीनं साठवतो, तिच्यात देवनागरी अक्षर ३ बाइटचं, आणि बेस६४ सुद्धा ३-३ बाइट घेऊनच चालतं. त्यामुळं सलग देवनागरी मजकुरात प्रत्येक काना जाऊन बसतो तो नेमका + वर. आणि क्वेरी स्ट्रिंगमधला, म्हणजे यूआरएलमध्ये ? च्या पुढं येणाऱ्या भागातला + पीएचपी मोकळी जागा म्हणून वाचतं. म्हणजे नावात काना आला की तिथून पुढं सगळा कचरा. दाजी म्हणाले, ‘+ बदलून टाक.’ + च्या जागी - आणि / च्या जागी _ टाकलं. चाललं.

मग खरं संकट. १०४३ हा आकडा बेस६४ केला की शेवटी दोन == येतात. बघणाऱ्याला ती खूण पुरते. विजापूरच्या एका पार्टीचा मुलगा डिप्लोमाला होता. त्यानं आकडा उलगडला, १०४३ चं १०४४ केलं, परत बेस६४ करून लिंक उघडली. समोर दुसऱ्या पार्टीचं बिल. तोच टॉवेल, डझनाला १८ रुपये कमी. त्याच्या वडलांनी मालकांना फोन केला तो कानडीत, आणि मालक त्यातलं बरंच काही मला सांगायला तयार नव्हते. पैसे बुडालेले चालतात, दुसऱ्याचा रेट फुटलेला आमच्या धंद्यात चालत नाही.

मी मालकांना बेस६४ काय ते समजावलं. ते शांतपणे म्हणाले, ‘म्हणजे गठ्ठा बांधलास, पण गोडाऊन उघडंच.’

हे दाजींना कळायला हवं होतं, त्यांना आजही पटत नाही. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, घरी आले तेव्हा भर पंगतीत म्हणाले, ‘तू एमडी५ करायला हवं होतंस.’ एमडी५ म्हणजे आकड्याचा उलटा न फिरणारा ठसा. पण अहो, १ ते ९९९९ सगळ्यांचे एमडी५ काढून जुळवून बघायला कॉम्प्युटरला सेकंदसुद्धा लागत नाही. मग म्हणे, ‘एचटीटीपीएस होतं ना?’ होतं की. एचटीटीपीएस वाटेवरच्या चोरापासून झाकतं. ब्राउझरच्या हिस्ट्रीत आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये अख्खी यूआरएल उघडीच असते. आणि इथं तर ज्याला लिंक दिली त्यानंच आकडा बदलला! ताई मध्ये चटणी वाढायला आली म्हणून मी गप्प बसलो.

शेवटी मी काय केलं: नंबर काढूनच टाकला. प्रत्येक बिलाला पीएचपीच्या रँडम-बाइट्स फंक्शननं १६ बाइटचं टोकन, म्हणजे अंदाज न लागणारी खूण, ते डेटाबेसमध्ये बिलाशेजारी, ३० दिवसांनी बाद. नाव, रक्कम, रेट यूआरएलमध्ये काहीच नाही, सगळं सर्व्हरवरून. तुमच्याकडं लॉगिन असेल तर नंबर खुशाल दिसू द्या, पण हे बिल या माणसाचंच आहे का हे क्वेरीतच तपासा, आणि ती क्वेरी प्रिपेअर्ड स्टेटमेंटनंच, म्हणजे आलेली व्हॅल्यू क्वेरीच्या मजकुरात न जोडता वेगळी देऊन. रक्कम लिंकमधून पाठवून पुढच्या पानावर तीच खरी मानणाऱ्यानं सरळ दुकान वाटून टाकावं.

हां, टोकनची लिंक कुणी पुढं ढकलली तर तिसरा माणूसही बिल बघतो, हे मालकांना मी आधीच सांगून ठेवलंय. आणि यूआरएलमध्ये काहीच नको असंही नाही. शोधाचा शब्द, पान नंबर, रंग-साइझचे फिल्टर तिथंच शोभतात. फक्त डिलीट, कन्फर्म असली कामं साध्या लिंकवर ठेवू नका, ती पोस्टनं, म्हणजे फॉर्मचं बटण दाबून करा; लिंक माणसाआधी एखादं यंत्रच उघडून बघतं.

दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर १०४३ आणि १०४४ दोन्ही बिलांची प्रिंट माझ्याकडं आहे. पुढच्या गड्ड्याला या, दाखवतो.